झोपाळा कुणासाठी?

"अहो… पुढचं काय?"

हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. अडुसष्ट साल, जळगावच्या आमच्या कॉलेजात संमेलनाच्या नाटकाची तालीम. मी विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टर. सोहनलालजींची मुलगी स्टेजवर जाणार नाही, पण विंगेतून बोलली तर चालेल, असा माझ्या बाबूजींचा न्याय! आणि नायक अभयकुमार पहिल्याच प्रवेशात गडबडलेला.

"पुढचं असं, की हिरो पाठांतर करून येतात," मी म्हणाले.

तो हसला… आणि मेलेच मी!

नाटक शोकांतिका होतं. एक माणूस बायकोसाठी चांदीचा झोपाळा आणायचा ध्यास घेतो. त्यापायी पाच-दहा वर्षं घराकडे बघत नाही. झोपाळा येतो, तेव्हा बायको निघून गेलेली असते.

"झोपाळा म्हणजे काय, सांग बघू?" मेहरूणच्या तलावाकाठी तो विचारायचा. मैत्रीण चार पावलं मागे, शेंगदाणे खात, काही ऐकतच नसल्याचं सोंग करत.

"हाव."

"चूक. प्रेम."

"प्रेमाला चांदी कशाला लागते हो?"

"तुझ्या बाबूजींना लागते ना…"

तेही खरंच. त्याचे वडील पाचोऱ्याला दुसऱ्याच्या पेढीवर मुनीम. मी घरी नुसता विषय काढला, तर बाबूजी ताटावरून उठले होते.

प्रयोग झकास झाला. बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. पडदा पडला आणि विंगेतच त्यानं माझा हात धरला.

"लाडकुंवर, काम झालं! धुळ्याच्या पानबाई मावशीला मूल नाही. तिचे यजमान भिकमचंद मासाजी मला दत्तक घेतायत. सरकीची पेढी, बंगला… आता बाबूजी नाही म्हणतील?"

मी पटकन विचारलं, "त्यांचं गोत्र कोणतं?"

"बोथरा. का गं?"

"आमचंही तेच."

कॉलेजच्या रजिस्टरात आम्ही सगळे नुसते 'जैन'. या शहाण्याला माझं गोत्र विचारायचं सुचलंच नव्हतं! दत्तक गेला की तोही बोथरा. मग आम्ही बहीणभाऊ, लग्नाचं नावच नको.

त्याचा मेकअपमधला चेहराही उतरला.

"अजून विधी कुठं झालाय?" मी म्हणाले. "नाही म्हणून सांगा. मी बाबूजींपुढे उपाशी बसेन, पण हट्ट सोडणार नाही."

मोकळ्या हातानं तो गालावरचा रंग पुसू लागला.

"मासाजींना शब्द दिलाय गं… आणि बापासारखी मुनीमगिरी करत जन्म काढायचा?"

"म्हणजे झोपाळा घरी आलाच म्हणायचा. बसा एकटे!"

त्याचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला, कारण त्यानं हात सोडू नये असं अजूनही वाटत होतं. त्यानं सोडला.

अखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला जावंच लागलं. गोत्रातलं दत्तकाचं कार्य, टाळणार कसं? बंगल्याच्या दिवाणखान्यात अभयकुमार पगडी बांधून पाटावर बसलेला. पानबाईंना लेक नाही. बहिणीचा टिळा कोण लावणार? त्यांनी कौतुकानं ताट माझ्याच हातात दिलं.

"तू गोत्रातली लेक. आजपासून हा तुझा भाऊ."

बाबूजी समाधानानं बघत होते. मी पुढे झाले. तो पाटाभोवतीच्या रांगोळीकडे बघत राहिला.

"मान वर करा, भाऊ," मी म्हणाले.