जर्मन की गुजराती

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत गंगापूर रोडवरच्या भाषावर्गाच्या खिडकीशी माझा नंबर आला. कारकुनाने "कुठली भाषा?" विचारलं आणि मी भाषांची यादी पुन्हा वाचू लागले. पीएच.डी.साठी आणखी एक भाषा वाचता यायला हवी, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. पण कुठली?

"जर्मन घ्या ना," मागून एक मुलगा म्हणाला. "वर्गात मला कुणीतरी ओळखीचं असेल."

"आपली कुठे ओळख आहे?"

"नाही... पण होईल की!"

मी हसले आणि जर्मन घेतली. एवढी मोठी गोष्ट माणूस किती सहज करून बसतो!

तो धनराज. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदारांचा मुलगा. मी आशा, सुरगाण्याच्या डोंगरातली कोकणा आदिवासी. माझा विषय माझ्याच लोकांचा जंगलावरचा हक्क, आणि त्या हक्काचे गुजरातेतल्या डांगकडचे जुने कागद गुजरातीत. बाई म्हणाल्या, "फेब्रुवारीपर्यंत जर्मन की गुजराती ते ठरव. दोन डगरींवर पाय ठेवू नकोस."

पण शब्दकोश दोघांत एक होता. पान उलटताना बोटं लागायची... आणि मी पुढचा शब्दच विसरायचे. तो मला आवडत होता. फार आवडत होता. म्हणून ठरवणं पुढे ढकलत राहिले.

फेब्रुवारीत त्याने घरची द्राक्षं आणली. मी घड उचलला, उजेडात फिरवून पाहिला. तो बघतच राहिला.

"देठाला धरून? पाहुणे तर सरळ मूठच घालतात. असा घड फक्त..."

"मजूर बाया धरतात," मी म्हणाले. "मण्याला बोट लागलं की वरची पांढुरकी झाक जाते, मग माल परदेशी जात नाही. मुकादम ओरडतो. शाळेच्या सुट्टीत आईबरोबर तुमच्याच गावच्या बागांत असायचे मी. आई अजून येते."

धनराजचा चेहरा उतरला. त्यानंतर तो वर्गाला आलाच नाही.

मी खूप रडले. मग बाईंकडे जाऊन गुजराती सांगून आले. रागाने नव्हे. त्या कागदांतली माणसं माझी होती, आणि मी नाही वाचलं तर दुसरं कोण वाचणार होतं?

बाहेर फाटकाशी धनराज उभा होता. माझ्या हातातला गुजरातीचा अर्ज त्याने पाहिला.

"जर्मन सोडलीस... माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे घेतली होती. सोडली माझ्यासाठी."

तो खाली बघत म्हणाला, "मला लाज वाटली, आशा. तुझी नाही, माझी. आमच्या बागेत वर्षानुवर्षं येणाऱ्या एकाही बाईचं नाव मला सांगता येईना." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला जर्मन लागली तर मी वाचून दाखवीन. एका घरात दोघांना एकच भाषा कशाला हवी?"

एका घरात! माझे कान गरम झाले.

"तुझ्या घरी चालेल?"

"नाही चालणार. भांडावं लागेल."

खोटं बोलला असता तर मी तिथूनच परत फिरले असते. "मग आधी माझ्या आईला भेट," मी म्हणाले.

एसटीने पिंपळगाव गाठलं. शीतगृहामागे मजुरांची पालं होती. आई चुलीशी बसली होती. तिने धनराजला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गोणपाट पुढे सरकवलं आणि चहा ठेवला. तो मांडी घालून बसला. मी मात्र उभीच राहिले.

तेवढ्यात द्राक्षाच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो थांबला. धनराजच्या घरचाच. ड्रायव्हर केरूने खिडकीतून डोकं काढलं.

"धनाभाऊ! तुम्ही हितं? काय काम काढलं?"

आजूबाजूच्या बाया हातातलं काम टाकून बघू लागल्या. आता हा काय बोलेल? मुकादमाला शोधायला आलो म्हणाला की सगळं संपलं.

धनराजने कप खाली ठेवला.

"सासूबाईंना भेटायला आलोय, केरूभाऊ. घरी तसंच सांगा."

आई माझ्याकडे वळली. "काय गं? खरं हाय का हे?"

"हो, आई," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी गोणपाटावर बसले.