बारा नंबरची बेल

सेविका आली ती युनिफॉर्मवरच. खुर्ची दिली तरी बसेना.

"बाई, बेल रिकाम्या खोलीतली वाजते आणि नोकरी माझी जातेय," ती म्हणाली.

बाई खासगी तपासाची कामं घेत. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, बहीण गेल्यापासून त्यांच्याकडेच राहत आणि तपासात मदत करत. मदत किती होई, हा भाग वेगळा.

सेविकेनं सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. वृद्धाश्रमात तळमजल्यावर तिची दुपारची ड्यूटी असायची. प्रत्येक पलंगाशी एक बेल. ती दाबली की काउंटरवर खोलीचा नंबर पेटतो आणि मशीन वेळ नोंदवतं. बंद करायची तर त्या खोलीतच जावं लागतं. टोकाची बारा नंबरची खोली दोन महिने रिकामी होती, आणि तरी दुपारी तिथली बेल वाजायची. ही धावत जायची, तर खोलीत कुणी नाही. गेल्या मंगळवारी ती अशीच तिकडे गेलेली असताना तीन नंबरचे मास्तर एकटेच उठायला गेले, पडले आणि मनगट मोडून बसले.

"माझ्या सुट्टीच्या दिवशी ती वाजत नाही. म्हणून साहेब म्हणतात, काम टाळायला मीच वाजवते. सोमवारी काढणार आहेत. कागदावर शेरा पडला की दुसरा आश्रमही मला घेणार नाही."

"तिकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"वाटेत कुणी भेटतं?"

"पेपरवाले आजोबा, अकराच्या आजी. हाक मारतात. आपण हो म्हणायचं आणि पुढं जायचं." हे सांगताना ती स्वतःच्या चपलांकडे पाहत होती.

"वायरिंग," भाऊजी म्हणाले. "उंदरांनी कुरतडली असणार." उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांचा जुना स्वभाव.

दोघं आश्रमात पोचले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी भाऊजींना गिऱ्हाईकच समजून खोल्या दाखवायला घेतल्या. "शेजारच्या दोन खोल्यांत मिळून एक बाथरूम, दोन्हीकडून दार. वायरिंग नवं, परवाच तपासून घेतलंय." भाऊजींचा चेहरा पडला.

बाई मशीनची नोंद पाहत होत्या. मंगळवारी बारा नंबरची बेल दोन दहाला वाजली, दोन अकराला बंद झाली. मास्तर पडलेले सापडले ते दोन पंचवीसला. शेजारी भिंतीवर आठवड्याचा तक्ता होता. पेपरवाले आजोबा एकतीस बेल, मास्तर एकोणीस, अकराच्या आजी शून्य.

"शून्य?"

"तीन महिन्यांत एकदाही नाही," व्यवस्थापक कौतुकानं म्हणाले. "आश्रम बघायला येणाऱ्यांना आम्ही त्यांच्याच खोलीत नेतो."

"आणि जे फार वाजवतात त्यांचं काय करता?"

"त्यांना वरच्या मजल्यावर हलवतो. पूर्ण देखभालीला."

"तिथून कुणी परत खाली येतं?"

व्यवस्थापक बारा नंबर दाखवायला पुढं निघाले.

बारा नंबरमध्ये सगळीकडे धूळ होती. बाथरूमच्या दाराची खोलीकडची कडी मात्र स्वच्छ होती, आणि काढलेलीही.

पेपरवाले आजोबा बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. "या दारातून ह्या पोरीशिवाय कुणी आत गेलं नाही. माझी नजर अधू आहे खरी, पण बघत बसण्याशिवाय मला इथं दुसरा धंदा काय?"

अकराच्या आजींची खोली आरशासारखी लख्ख होती. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली आणि भाऊजींना खिडकीची कड.

"ही जागा मीच निवडली. चार ठिकाणं पाहिली, वहीत तुलना मांडली. मुलगा नको नको म्हणत होता. त्याला सांगितलं, मला कुणाची गरज नाही."

"येतो का तो?"

"कामात असतो. फोन करतो, मी मजेत आहे म्हणते." त्या जरा थांबल्या. "त्या पोरीला खरंच काढणार का? धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्यावर आहे हो. बहीण हुशार आहे, पण इंग्रजीत दोनदा नापास झाली."

बाहेर आल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, "आजोबाच. एकतीस वेळा वाजवणाऱ्याला बत्तिसावी जड आहे का?"

सोमवारी सकाळी बाईंनी सगळ्यांना बारा नंबरमध्ये बोलावलं. व्यवस्थापक, सेविका, पेपरवाले आजोबा, अकराच्या आजी. भाऊजी दाराशी उभे राहिले.

"व्हरांड्यातून कुणी आत आलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे बेल वाजवणारा बाथरूममधून आला. कडी काढलेली आहे आणि तिच्यावर धूळ नाही, म्हणजे ते दार रोज वापरात आहे. त्या बाथरूमचं दुसरं दार फक्त अकरा नंबरमध्ये उघडतं."

आजोबांनी पेपर खाली ठेवला. भाऊजींनी त्यांची नजर टाळली.

"बेल दोन अकराला बंद झाली आणि मास्तर सापडले दोन पंचवीसला. मधली चौदा मिनिटं ही मुलगी कुठे होती? हिनं मला सांगितलं, नुसतं हो म्हणून पुढं जाते. पण हिची बहीण कुठल्या विषयात किती वेळा नापास झाली हे आजींना ठाऊक आहे. जाता जाता एवढं बोलणं होत नाही. ही आजींपाशी बसत होती. काम सोडून बसले म्हणाली असती, तर नोकरी गेलीच असती. शिवाय तिला आजींचं नावही मध्ये आणायचं नव्हतं."

सेविकेनं मान खाली घातली.

"आणि तो शून्य. ऐंशीच्या पुढचं माणूस तीन महिन्यांत एकदाही बेल वाजवत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. हिची ड्यूटी असली की शेजारची बेल वाजायची, कारण तिकडे जायला आजींच्या दारावरूनच जावं लागतं."

आजी पलंगाच्या कडेला बसल्या.

"मीच वाजवायचे," त्या म्हणाल्या.

"पण आजी, तुमची स्वतःची बेल होती ना?" व्यवस्थापकांना खरंच कळत नव्हतं.

"ती वाजवली की विचारतात, काय पाहिजे. मला काहीच नको असायचं. नुसतं कुणी तरी यावं एवढंच. ते काय म्हणून सांगायचं? रोज काही नको म्हणत बेल वाजवणारीला तुम्ही वर पाठवलं असतं. आणि मुलाला तरी कुठल्या तोंडानं सांगू? हट्टानं आले मी इथं."

"मास्तर पडल्यावर तरी बोलायचं," बाई म्हणाल्या.

"रोज सकाळी ठरवत होते. धीर होत नव्हता."

आजींनी कागद मागितला. घडलं ते सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली. व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला, सेविकेला दुपारी ड्यूटीवर ये म्हणाले. आजींना वर हलवण्याचं काय, यावर ते काही बोलले नाहीत आणि आजींनीही विचारलं नाही.

सगळे निघाले. सेविका तेवढी मागे राहिली.

"आजी, मंगळवारी मास्तर तिकडे जमिनीवर हाका मारत होते. तेव्हा आपण काय बोलत होतो, आठवतंय तुम्हाला?"

आजींनी खूप आठवून पाहिलं. "नाही गं."

"मलाही नाही," सेविका म्हणाली. मग तिनं बाथरूमच्या दाराची कडी लावली आणि व्हरांड्यातून तीन नंबरकडे गेली.