जागीच ठार

शाहूपुरीत त्या रात्री लाइट गेली ती कोपऱ्यावरचा डीपी जळाल्यामुळं. त्यात काही भुताटकी नव्हती. बाळासोकाका पायरीवर बसले होते. उभा जन्म चंदगडची एसटी चालवलेला माणूस. अंधार पडला की त्यांचा घसा आपोआप साफ व्हायचा. वरच्या मजल्यावरची तेजस्वी बाळाला मांडीवर घेऊन आली. समोरचा तोहिद डास मारत भिंतीला टेकला.

"काका, भुताचं सांगा. पण खरं," तोहिद म्हणाला. "मागल्या वेळची हडळ तुम्ही सासूवरनं काढलीसा, ते काकूंनी सांगितलंय."

"ही खरी हाय. आपल्या मागच्या खोलीत विश्वजित ऱ्हायला हुता, आठवतोय? कुणाशी बोलायचा न्हाय, त्यो. त्याचंच हाय हे. एकदाच, याच पायरीवर बसून मला सांगितलं त्यानं." काका थांबले. "बाळ झोपलंय न्हवं?"

"झोपलंय," तेजस्वी म्हणाली आणि तरी बाळाच्या नाकाशी बोट धरून बघितलं. ही तिची सवय. सासू हसायची, नवरा चिडायचा, बोट काही राहायचं नाही.

काकांनी सुरुवात केली.

गेल्या वर्षीची पौष अमावास्या, बुधवार. विश्वजित तेव्हा चंदगडात मोबाइलवर बातम्या चालवायचा. त्याची तान्ही मुलगी तापली होती. बायकोनं, अनुजानं, त्याला औषध आणायला धाडलं. "लगेच या. बातमीच्या मागं जाऊ नका," एवढं बजावून. तो मेडिकलच्या काउंटरवर उभा असताना फोन वाजला. सड्यावर विमान पडलं होतं.

सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं उजाड पठार. तिथं कुठल्याशा खासगी शाळेची धावपट्टी होती, विमान शिकवणारी. बाकी सगळा वारा आणि गुरं. दोन माणसांचं चिमुकलं विमान दिवेलागणीला उतरताना पट्टी सोडून पार टोकाला तोंडघशी पडलं होतं. आत एकटं पोरगं होतं, मलकापूरचा आदर्श. शिकवणारे साहेब गाडी घेऊन मदत आणायला खाली पळाले होते.

"हालचाल हाय काय?" विश्वजितनं विचारलं.

"लांबनं तर काय दिसंना," फोनवरचा माणूस म्हणाला.

लांबनं. तो शब्द विश्वजितच्या कानात शिरला, पण बोटांपर्यंत पोचला नाही. बोटं चालू लागली होती. 'प्रशिक्षणार्थी वैमानिक जागीच ठार.' अपघाताच्या बातमीत 'जागीच' आपोआप येतं, भाकरीबरोबर ठेचा यावा तसं. शाळेच्या पानावरचा आदर्शचा फोटो उचलला, काळी चौकट टाकली, दोन्ही अंगाला समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि तळाला स्वतःचा नंबर. त्याला भीती एकच होती, दुसरा कुणी आधी टाकेल. आपल्याकडं माणूस सरणावर जायच्या आधी त्याचा फोटो गावभर फिरून येतो, हे काय नवीन नाही.

औषधाची बाटली खिशात टाकून तो सड्याकडं निघाला. जाऊन लगेच येतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं, बायकोला नाही.

घाट अर्धा चढतो तोवर समोरून ॲम्ब्युलन्स उतरत आली. त्यानं हात केला.

"पेशंट हाय आत?"

"कसला पेशंट, दादा! मेलंय की ते पोरगं. बातमी आली, फिरलो. आता शववाहिनी पाठवतील."

विश्वजितनं गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात पुन्हा फोन. बाईचा आवाज.

"पावणं, मी शालूबाई. मलकापूरची. आदर्शची आई. बातमीखाली तुमचा नंबर हाय..." तिला धाप लागली होती. "तुम्ही जवळ जाऊन बघितलंसा? नाकाशी बोट धरून बघितलंसा व्हय?"

नाही म्हणायला एक शब्द लागतो. तो शब्द ॲम्ब्युलन्सला पुन्हा घाट चढवू शकला असता.

"व्हय, मावशी," विश्वजित म्हणाला. "जागीच."

मग अगदी हळू आवाज आला. "मग दुखलं नसंल न्हवं त्येला?"

"न्हाय, मावशी. कळलंबी नसंल."

तेजस्वीनं बाळ छातीशी घट्ट धरलं. तोहिदनं डास मारायचं सोडलं होतं.

सड्यावर माणसांचं कोंडाळं उभं होतं. बॅटऱ्या जमिनीकडं वळवलेल्या. विमान पलीकडं, नाक दगडात रुतलेलं, एक पंख मोडून उभा. कुणी पुढं जात नव्हतं. पोलीस पाटलानं हात आडवा घातला.

"म्होरं जाऊ नका. पंचनामा व्हायचाय. आदी हात लावला की आपल्याच गळ्यात येतंय."

"कुणी जवळ गेलतं का?"

"मेलेल्याजवळ कशाला जायाचं? ही बघा की बातमी." पाटलानं मोबाइल पुढं केला. त्यात विश्वजितच्याच दोन समया जळत होत्या.

"फोटो तरी घेऊ द्या," म्हणत तो पुढं गेला. एकटाच. थंडी मी म्हणत होती. पेट्रोलचा वास. पायाखाली काच करकरली.

त्यानं बॅटरी आत मारली.

पोराची मान एका अंगाला कललेली. गाल तडकलेल्या काचेला टेकलेला. आणि काचेवर, आतून... वाफेचा एक डाग. तोंडाएवढा.

डाग मोठा झाला.

लहान झाला.

मग पुन्हा... मोठा.

ओरडायचं होतं. 'जित्तं हाय रे!' एवढंच. पण आवाजाच्या आधी त्याच्या मनात ती बातमी आली. आधी ती काढून टाकू, मग ओरडू. एका बोटाचं तर काम. त्यानं फोन काढला. सड्यावर रेंजची एकच काडी. चक्र फिरत राहिलं. फिरत राहिलं...

बातमी पुसली गेली. त्यानं वर बघितलं.

डाग बारीक झाला होता. आणखी बारीक. मग... काच कोरडी.

"म्हंजे..." तेजस्वी म्हणाली.

काकांनी मान हलवली.

विश्वजित कुणाशी एक शब्द न बोलता घाट उतरला. वाटेत फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'आई'. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली होती. त्या नावाचा नंबर त्याच्याकडं नव्हता. त्यानं फोन कानाला लावला. कुणी बोलेना. नुसता श्वास. येतोय... जातोय. येतोय...

मग पोराचा बारीक आवाज.

"आई... दुखतंय."

पहाटे पोरीचा ताप आपला आपण उतरला. अनुजानं त्याच्या खिशातली न फोडलेली बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली. पुढं ती माहेरी गेली, ती गेलीच. सगळ्यांच्या बातमीत 'जागीच ठार' हेच आलं. खोटं कोण म्हणणार? तो एकदा मलकापूरला गेला, शालूबाईला खरं सांगायला. दारात पोचला तर ती आल्यागेल्याला सांगत होती, "लेकराला दुखलं न्हाय, एवढं तरी देवानं बघितलं." तो उंबऱ्यावरूनच मागं फिरला.

"मग इथं आला. खोलीत दिवाबी लावायचा न्हाय. एका सकाळी खोली उघडी. हा फोन तेवढा ह्या पायरीवर. त्यो कुठं गेला, कुणाला ठावं न्हाय."

काकांनी बंडीच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला फोन काढून पायरीवर ठेवला. काळा. मेलेला.

"चार्जिंग?" तोहिदनं विचारलं.

"आल्यापास्नं न्हाय."

तोहिदनं आपल्या मोबाइलची बॅटरी मारली, तिघं वाकले. काळी काच. आधी काहीच नाही. मग मधोमध... वाफेचा एक डाग.

तोहिदनं बाहीनं पुसला. डाग तिथंच होता. आतून.

मोठा झाला. लहान झाला.

तोहिदनं पुन्हा हात पुढं केला.

"हात लावू नकोस!" तेजस्वी ओरडली.

तोहिदचा हात तिथंच थांबला. काका हलले नाहीत. तिघं बघत राहिले, लांबनं. डाग बारीक झाला. आणखी बारीक...

मग काच कोरडी.