ड्रेसची मागची बाजू

त्या खरेदीत अपूर्वचा फायदा म्हणाल तर एक लाकडी फ्रेम, एवढाच. नागपूरहून आईने आपला आणि बाबांचा फोटो पाठवला होता, वर 'भिंतीवर लाव' असं बजावलंही होतं. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, लोकांनी दान केलेल्या सामानात, जुनी, भक्कम फ्रेम मिळाली. आत कुण्या डिझायनरने १९५३ साली शाईने काढलेला ड्रेस होता: मुठीत मावेल अशी कंबर, खाली ऐसपैस घेर, एका खांद्यावर बो.

"सापडली गं आई," तो फोनवर म्हणाला. "आत कुठल्यातरी बाईचं चित्र आहे. ते देतो फेकून."

"फेकून?" मागून आवाज आला. "मग मी तुला पण फेकेल!"

वळून बघतो तर पावसाने केस भिजलेली एक मुलगी. नजर मात्र त्याच्यावर नाही, चित्रावर. नुकसानीला सुरुवात झाली ती इथूनच.

ती वैभवी. जन्म इथलाच, मराठी घरापुरती. फॅशन कॉलेजचं शेवटचं वर्ष. जुन्या चित्रावरून ड्रेस शिवून दाखवायचा होता. चित्र देऊन टाकलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण अपूर्व म्हणाला, "फ्रेम मागून सील आहे गं. उघडली तर कागद फाटेल. तू... शनिवारी घरी येऊन बघत जा ना."

सील कसलं, चार खिळे होते.

शनिवार सुरू झाले. ती चित्रासमोर बसून कागदावर रेघा ओढी, तो चहा करी.

"आज आलं जास्त टाकलंस."

"सर्दी झालीये ना तुला?"

"बापरे... लक्षात होतं?"

मध्येच नागपूरचा फोन. "लावलास का रे फोटो?"

"लावतो गं, लावतो."

ड्रेसची पुढची बाजू झाली आणि गाडी अडली. "ह्या बाईने पाठ दाखवलाच नाही," वैभवी कुरकुरली. "मागे बटणं की चेन? शुक्रवारी शो आहे. फेल होणार मी."

ती गेल्यावर अपूर्वने खिळे काढले. चित्राभोवतीचा पुठ्ठा उचलला, तर कोपऱ्यात अंगठ्याएवढा तोच ड्रेस, पाठमोरा! मानेपासून कमरेपर्यंत बटणांची ओळ. हे तिला दिलं की शनिवार संपले. नाही दिलं, तर तिचं वर्ष गेलं. चहा गार होईतो तो बसून राहिला. मग कागद कोटाच्या आत घालून, भिजत तिच्या दारात उभा राहिला.

"हे घे. सील नव्हतंच. खोटं बोललो मी. आता तुला यायची... गरज नाही."

तिने कोपरा पाहिला. चकित वगैरे काही झाली नाही.

"माहीत होतं. मागची बाजू कोपऱ्यात काढतातच सगळे. पुठ्ठ्याखाली असणार, वाटलंच होतं."

"मग उघड म्हणाली का नाहीस?"

"तू सील म्हणालास ना?" तिने हसू दाबलं. "खिळे दिसत होते मला."

"अगं, शो बुडला असता!"

"उद्या मीच आले असते, हातोडा घेऊन. पण म्हटलं, बघू... तू आणतोस का."

"आणलं. आणि वैभवी... मला शनिवार पुरत नाही."

"मग रविवार पण धर." तिने त्याची ओली बाही धरून आत ओढलं आणि स्वयंपाकघराकडे हाक दिली. "आई, चहा! आलं जास्त."

ड्रेस शोमध्ये झळकला. चित्र वैभवीला मिळालं, वैभवी अपूर्वला, आणि फ्रेम परत चित्रालाच. या सगळ्या व्यवहारात भुर्दंड पडला तो नागपूरच्या दोघांना. ते अजून अपूर्वच्या सूटकेसमध्ये, स्वेटरखाली, भिंतीची वाट बघत हसतायत.