एकशे अठरा ठोके

सुवर्णा सिस्टरांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन अडलं ते नाडीपायी.

"नुसत्या बसलेल्या माणसाची नाडी एकशे अठरा?" सर्जन म्हणाले. "रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, पोटात पाणी कमी जात असेल, चहा जास्त होत असेल. काळजीनेही होतं. कारण कळल्याशिवाय भूल देता येणार नाही."

"शोधून काढते," सिस्टर म्हणाल्या.

नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, लिफ्ट नाही. डॉक्टरांकडे जायचं तर दोघांनी धरून उतरवावं लागे. एकटीने भाजी आणायला जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी चहा सोडला. पाणी तांब्याने मोजून प्यायल्या. ताप नव्हता, हिमोग्लोबिन साडेबारा, थायरॉइड नीट, छातीचा फोटो स्वच्छ. काळजीचं म्हणाल, तर काळजी करावी असं घरात कुणी उरलं नव्हतं. नाडी एकशे अठरा.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या शिकाऊ नर्स पोरींना सिस्टरांनी जन्मभर फैलावर घेतलं होतं. त्या स्वतः तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजत. असंच एका दुपारी मोजताना त्यांना कळलं की ही एक नाडी नाही. एक ठोका ठसठशीत, त्यांच्या ओळखीचा. त्याच्या मधूनमधून दुसरा, खोल आणि संथ. त्यांनी दोन्ही वेगवेगळे मोजले. बहात्तर. शेहेचाळीस.

"जादा ठोके पडतात या वयात," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी मान डोलावली. पण जादा ठोका इतका वेळेवर पडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी लंकाबाई आली. बाळंतिणींच्या वॉर्डात ही आया आणि त्या सिस्टर, अशी दोघींनी एकतीस वर्षं काढली होती. किती पोरं दोघींच्या चार हातांत पहिल्यांदा रडली, त्याला गणती नव्हती. आता लंकाबाई पंचवटीहून दर आठवड्याला भाजी घेऊन यायची.

"लिंबं रिक्षातच राहिली बघा," ती म्हणाली. "रिक्षावाला खाली चहा पितोय. आले."

सिस्टर खुर्चीत बसून होत्या, बोटं मनगटावर. लंकाबाईच्या चपला जिन्यावरून उतरल्या. मग चढू लागल्या. बोटांखालचा संथ ठोका भरभर पडू लागला. बहात्तर होते ते बहात्तरच राहिले.

लंकाबाई दारात धापा टाकत उभी राहिली.

"हात दे इकडे."

"आता मला बी पेशंट केलं का?"

सिस्टरांनी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. मग कोपरात. मग गळ्याशी. कातडी ऊबदार होती. बाकी काही नव्हतं.

"दवाखान्यातल्या पोरीला बी नाय सापडली," लंकाबाई हसली. "म्हनली, आजी, मशीन बिघडलंय. मी म्हनलं, बिघडू दे, मला लय कामं हाईत."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

सिस्टरांची नाडी दिवाळीपासूनच वाढली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्जनला फोन केला. "ऑपरेशन नको. नाडी उतरवायचं औषधही नको."

तीन आठवड्यांनी, सकाळी साडेअकराला लंकाबाईच्या मुलाचा, अमोलचा फोन आला. "सिस्टरबाई, आई गेली. सकाळी उठलीच नाही. साडेबाराला अमरधामात अग्नी देतोय."

सिस्टरांची बोटं आपोआप मनगटावर गेली. पूर्ण मिनिट. शेहेचाळीस. गाढ झोपलेल्या माणसाचे.

"अमोल, थांब. ती गेलेली नाही."

"डॉक्टर बघून गेले. नाडी नाही, श्वास नाही."

"नाडी तिला दिवाळीपासून नाही. मी येईपर्यंत तिला हलवू नकोस."

"सिस्टरबाई," तो रडत म्हणाला, "तुमचं दुःख मला कळतंय." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

जिन्यात हाक मारायला कुणी नव्हतं. सिस्टर पायरीवर बसल्या आणि बसत-सरकत तीन मजले उतरल्या. गुडघ्यांकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. फाटकाशी रिक्षा होती.

"पंचवटी, अमरधाम. जोरात घे."

द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. बारा वीस. शेहेचाळीस.

"दुसरा रस्ता नाही का?"

"सगळीकडं हेच हाय, आजी."

बारा पस्तीस. गाड्या हलल्या. रिक्षा पुलाकडे वळली.

बारा एकेचाळीसला संथ ठोका एकदा अडखळला.

मग धावू लागला.

सिस्टरांनी बोटं काढली नाहीत. साठ. नव्वद. एकशे तीस. त्या पूर्ण मिनिट मोजत राहिल्या.