अंड्यासारखं चाक

"तीनला भंगाराचा ट्रक येतोय. दोन वाजून गेलेत," बोल्ट म्हणाला. "आणि तू फोटोची प्रत काढायला निघालीस?"

"तज्ज्ञसाहेबांना फाइलला लावायला हवीय," भिंगी म्हणाली. "तू गाडीपाशी थांब. काहीही झालं तरी ती हलू देऊ नकोस."

बोल्ट तिचा मावसभाऊ. त्याचा धाकटा भाऊ शेपूट नावाप्रमाणे भिंगीच्या मागे निघालाच. भिंगी सुट्टीला आल्यापासून ती जाईल तिथे तो होताच.

संग्रहालयाच्या मागच्या आवारात भंगाराच्या ढिगाला टेकून आजोबांची मोटारसायकल उभी होती. एका छोट्या कारखान्याने अशा फक्त पाच गाड्या बनवल्या होत्या आणि त्यातल्या एकीवर आजोबांनी डोंगरातली शर्यत जिंकली होती. मावशीचं गॅरेज आता एका खोलीत हलत होतं. तिथे जागा नाही, म्हणून मावशीने गाडी संग्रहालयाला देऊ केली. तिथल्या तज्ज्ञांनी शर्यतीचा जुना फोटो पाहिला, गाडी पाहिली आणि दोन मिनिटांत नकारार्थी मान हलवली.

"पुढचं चाक धरणारा हा फोर्क बघा. फोटोत जवळजवळ उभा आहे, तुमच्या गाडीत चांगलाच तिरका. सुटे भाग जुळवून केलेली गाडी आहे ही."

"मी चालवलीय ती," आजोबा म्हणाले होते.

"वयामुळे होते गल्लत," तज्ज्ञ म्हणाले होते.

त्याला तीन दिवस झाले. नाकारलेली गाडी आज भंगारात जाणार होती. तीन दिवस आजोबा कुणाशी बोलले नव्हते. ताटातलं निम्मं ताटातच राहत होतं.

झेरॉक्सच्या दुकानात भिंगीने फोटो काचेवर ठेवला. प्रकाशाची पट्टी सरकू लागली. भिंगीचं लक्ष घड्याळाकडे होतं. पट्टी टोकाला पोचायच्या आतच तिने फोटो ओढला.

"अगं, थांब की जरा," दुकानदारकाका ओरडले. "गेली वाया."

प्रतीत सगळंच पुढे कलंडलं होतं. भिंगी रडायच्या बेतात होती. शेपूट मात्र खिदळला.

"ताई, चाकाचं अंडं झालं बघ."

भिंगीने प्रतीकडे पाहिलं. मग मूळ फोटोवर खिशातलं भिंग धरलं. कागदाच्या कडेने तिने पुढचं चाक एकदा तिरकं इकडून मोजलं, एकदा तिकडून. दोन्ही मापं सारखी यायला हवी होती. ती आली नाहीत.

"काका, हे चाक मुळातच अंड्यासारखं आहे. थोडंसंच, पण आहे."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. एकेकाळी ते फोटो काढायचे. "जुन्या कॅमेऱ्यात एक फट सरकायची. तुझ्या समोरच्या या पट्टीसारखीच. फोटो एकदम उमटत नसे, खालून वर उमटत जाई. तेवढ्यात समोरची गाडी पुढे गेली, की..."

"की खाली चाकं जुन्या जागी उमटतात, वरचा भाग नव्या जागी. म्हणजे गाडी पुढे कलंडते. फोर्क उभा दिसतो." भिंगीने पुन्हा फोटोवर भिंग धरलं. "पण मागची झाडं सरळ आहेत."

"झाडं कुठे शर्यतीत होती?" शेपूट म्हणाला.

भिंगीने सांगितल्यावर मावशीने फोनवरून गाडीचा बाजूने काढलेला फोटो पाठवला. काकांनी तो जुन्या फोटोतल्या गाडीएवढा छापून दिला. आता तो काचेवर ठेवून, पट्टी सरकताना, अगदी बेताने ओढायचा होता. जुन्या फोटोतल्याइतकंच अंडं यायला हवं. पहिल्या खेपेला चाकाची काकडी झाली. चौथ्या खेपेला काही झालंच नाही. नववा कागद अडकला. अडीच वाजले, मग पावणेतीन.

"पोरी, हात नाही तुझा तो, भूकंप आहे," काका म्हणाले.

"ताई, श्वास धरून ओढ," शेपूट कुजबुजला.

भिंगीने श्वास धरला. तेराव्या प्रतीतलं चाक मोजलं. जुळलं. तिने दोन्ही फोटो एकावर एक ठेवून दाराच्या काचेवर धरले. फोर्कवर फोर्क बसला. टाकीवर टाकी.

आवारात ट्रक लागला होता. बोल्ट गाडीवर बसून दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून होता.

"उतर म्हणतोय ना," ड्रायव्हर वैतागला होता.

"पायात गोळा आलाय हो काका."

"पंधरा मिनिटं गोळाच?"

भिंगी थेट तज्ज्ञांपाशी गेली. धाप लागल्याने तिला बोलता येईना. तिने फक्त दोन्ही कागद उन्हात धरले आणि शेपटाने सगळं सांगितलं. अंडं, काकडी, भूकंपासकट. तज्ज्ञांनी खिशातली मोजपट्टी काढली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग ड्रायव्हरला हाताने थांबवलं.

"चाक गोल आहे का, हे मी पाहिलंच नाही," ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं गाड्या ओळखतोय. यापुढे आधी चाक मोजीन. तू शिकवलंस हे."

संध्याकाळी ते स्वतः घरी आले. "गल्लत तुमची नव्हती, माझी होती," आजोबांसमोर उभं राहून ते म्हणाले. "गाडी दर्शनी दालनात राहील, तुमच्या नावानिशी. आणि या तिघांच्याही."

मावशीने तिघांना एकदमच कवेत घेतलं. आजोबांनी फोटो हातात घेतला. मग तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"भिंगे, चाक एवढं कललं, म्हणजे मी किती वेगात असेन?"

"काढता येईल, आजोबा. फट किती वेळात सरकायची ते कळलं की झालं."

"नको काढूस," आजोबा घाईने म्हणाले. "तुझ्या आजीला मी सांगितलं होतं, मी सावकाशच चालवली. बाकीचेच फार हळू होते."

"ऐकलंय मी," आतून आजी म्हणाली. "जेवायला या आता. आणि आज ताट रिकामं दिसलं पाहिजे."