शेवटच्या रांगेतून

त्याला सगळे कानसेन म्हणत. हॉलच्या कुठल्या कोपऱ्यात आवाज घुमतो आणि कुठल्या रांगेत पोचता पोचता मरतो, हे तो नुसती टाळी वाजवून सांगायचा. त्या दुपारी तो नाट्यगृहात आला तो नेहमीच्याच कामासाठी. संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम होता, त्याआधी आवाज लावून ठेवायचा होता.

पूर्वी या कामाला दोघं लागत. मागे आवाजाच्या भल्यामोठ्या मिक्सरपाशी कानसेन आणि स्टेजवर माईकसमोर वायरमामा. मामा वयाने बरेच मोठे. ‘चेक, चेक’ करून कंटाळले की माईकवरच गुडघेदुखीचं पुराण लावायचे. मग टॅब्लेट आला. मिक्सर स्टेजच्या कडेला एका पेटीत मावला आणि त्याची सगळी बटणं काचेवर आली. हातात ती पाटी धरायची, हव्या त्या खुर्चीत जाऊन बसायचं, तिथे जसं ऐकू येईल तसं बोट सरकवायचं. “या पाटीने कसला आवाज लागणार?” म्हणून लोकांनी आधी नाकं मुरडली. आवाज ऐकला आणि गप्प झाले. साउंड कंपनीचे मालक म्हणाले, आता एक माणूस पुरे. मामा मुलीकडे राहायला गेले. कानसेनचं काम हलकं झालं, फक्त दिवसभरात तोंड उघडायचं कारण उरलं नाही.

अडचण एकच होती. आपणच माईकवर बोलायचं आणि आपणच मागे जाऊन ऐकायचं, हे कसं जमावं? एखादं गाणं लावून तो भागवून न्यायचा. पण गाणं ते गाणं, माणसाचा गळा तो गळा.

त्या दिवशी तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. हॉलमध्ये अंधार होता, जुन्या मखमलीचा कुबट वास होता. स्टेजवर एक दिवा जळत होता. पडदा अर्धवट सरकवलेला, माईक त्याच्याआड राहिलेला. त्याने टॅब्लेटवर माईक सुरू केला.

“चेक...” कोणीतरी म्हणालं. “चेक...”

पुरुषाचा आवाज, मऊ, अनोळखी. इथला वॉचमन नवीन होता, त्यालाच दया आली असावी. कानसेनला बरं वाटलं.

“थोडं मागे सरका,” तो ओरडून म्हणाला.

आवाज मागे सरकला.

“हां. आता बोलत राहा. काहीही बोला.”

“काय बोलू?”

“जेवलात का, ते सांगा.”

 अगदी हळू उलटा प्रश्न आला, “तुम्ही एकटेच जेवता?”

कानसेन हसला. “आता एकटाच.”

“मीपण.”

काम सुरू झालं. कानसेन बोटाने आवाजाची धार कमी करी, गोलाई वाढवी आणि मधेमधे बोले. टीव्ही चालू असल्याशिवाय आपल्याला झोप लागत नाही, हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ते त्याने पडद्यामागच्या माणसाला सांगून टाकलं. तो माणूस मधे बोलत नव्हता. ऐकत होता. इतका छान आवाज कानसेनच्या हातून कधी लागला नव्हता.

“तिथे मी कसा ऐकू येतो?” आवाजाने विचारलं.

“अगदी शेजारी बसल्यासारखे.”

“मग... बसू का? शेजारी?”

तेवढ्यात मागचं दार करकरलं. हातात चाव्यांचा जुडगा घेऊन वॉचमन आत आला.

“साहेब, स्टेजमागचं दार उघडून द्यायचं राहिलं बघा,” तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहत त्याने आवाज खाली आणला. “कोणाशी बोलत होतात?”

कानसेनच्या हातातल्या काचेवर माईकची हिरवी पट्टी सावकाश चढत होती, उतरत होती. कोणीतरी श्वास घेत असल्यासारखी. मग ती थांबली.

दोघांनी स्टेज पाहिलं. कोणी नव्हतं.

कानसेन बाहेर उन्हात येऊन उभा राहिला, तरी अंगातला गारवा जाईना. त्याने मामांना फोन लावून सगळं सांगितलं. 

“मामा, कोण आहे तिथे?”

“मला काय माहीत, बाबा. दिसला नाही कधी. पण त्या हॉलमध्ये मी माईक सोडून कधी गेलो का? आठव. पाणी प्यायलासुद्धा उतरलो नाही.”

“मला वाटायचं, तुम्हाला बडबडायची हौस.”

“हौस कसली? घसा सोलून निघायचा. पण मी गप्प झालो, की तो सुरू करायचा.” मामांनी खोलीचं दार लावून घेतल्याचं कानसेनला ऐकू आलं. “तुला कधी सांगितलं नाही. म्हटलं, तू तिथे मागे एकटा बसतोस... काही विचारलं का त्याने?”

“शेजारी बसू का म्हणाला.”

“मग तू?”

“काही नाही. वॉचमन आला.”

“काही बोलला नाहीस ना? नक्की?”

“नक्की.”

कार्यक्रम नीट पार पडला. गायिकेने आवाजाची तारीफ केली. कानसेन मात्र शेवटपर्यंत उभाच राहिला, दाराजवळ, माणसांच्या गर्दीत.

माईकवर येणारं सगळं टॅब्लेट आपोआप साठवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड भरपूर आहे असं पाहून, कानसेनने दुपारचं ते बोलणं लावलं. टॅब्लेटच्या चिमुकल्या स्पीकरमधून दोन्ही आवाज सारखेच, डबा वाजवल्यासारखे आले. काही कळेना. म्हणून त्याने कामाचे हेडफोन घातले.

शब्द तेच होते. पण तो अनोळखी आवाज लांबून येत होता. पार हॉलच्या मागून, गाद्यांच्या खुर्च्यांतून वाट काढत, शेवटच्या रांगेतून यावा तसा. आणि कानसेनचा स्वतःचा आवाज जवळ होता. कोरडा, ओठ माईकला टेकल्यासारखा. जवळचं कुठलं आणि लांबचं कुठलं, यात त्याचा कान आयुष्यात कधी चुकला नव्हता.

“मग... बसू का? शेजारी?” लांबून प्रश्न आला.

पुढे दार करकरायला हवं होतं. त्याच्या आधी, माईकला अगदी लागून, कानसेनच्याच आवाजात कोणीतरी उत्तर दिलं. त्या आवाजात भीती नव्हती. खूप दिवसांनी घरी कोणी आलं की माणूस जसा बोलतो, तसा तो होता.

“या ना. बसा.”